वाळायला लागणारा वेळ : विद्यार्थी व्हॅन गॉगबद्दल

व्हॅन गॉग कुणाकडे शिकला नाही, हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेलं असणार. आतून येईल तसं रंगवत गेला, भरात ट्यूबा पिळल्या, कान कापून घेतला आणि जगाला सूर्यफुलं मिळाली. कादंबऱ्या, सिनेमे, कॉफीचे मग आणि हल्ली भिंतीभर प्रकाश पाडून भरवली जाणारी प्रदर्शनं, सगळीकडे हीच गोष्ट चालते. (माणूस डच, त्यामुळे आडनावाचा उच्चार खरं तर 'फान खॉख'च्या जवळपास जातो. पण मराठीत व्हॅन गॉग रुळलाय, तर इथेही तोच.)

ही गोष्ट चुकीची तर आहेच, शिवाय ती त्याची चित्रं आपल्याला नीट बघू देत नाही, असं माझं म्हणणं आहे. त्याने चित्रकार व्हायचं ठरवलं १८८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. १८९० मध्ये तो गेला. म्हणजे सगळी मिळून दहा वर्षं. ज्या चित्रांमुळे आपण त्याला ओळखतो ती बहुतेक शेवटच्या अडीच वर्षांतली. त्याआधीचा सगळा काळ हा सरळसरळ एका विद्यार्थ्याचा आहे. नकला करणारा, शिक्षकाशी भांडणारा, पैसे संपले म्हणून रंग बाजूला ठेवणारा, तीच गोष्ट चाळीस वेळा करणारा विद्यार्थी. आज त्या वर्षांबद्दल लिहिते, आणि त्यातल्या एका चित्राबद्दल जरा जास्त.

नव्याने आलेल्यांसाठी: मी रसायनशास्त्रात पीएचडी करते आणि माझा विषय आहे वाळणाऱ्या तेलांचे पातळ थर. काचेच्या पट्टीवर जवसाच्या तेलाचा थर द्यायचा, त्यात निरनिराळी पिगमेंटं घोटायची आणि महिनोन्महिने त्याचं काय होतं ते मोजत बसायचं. कंटाळवाण्या कामाला इंग्रजीत 'रंग वाळताना बघत बसणं' म्हणतात. मला त्याची फेलोशिप मिळते. त्यामुळे चित्रांवर बोलायचा अधिकार मला कलेच्या बाजूने नाही, पण तेलाच्या बाजूने थोडासा आहे, आणि व्हॅन गॉगची विद्यार्थिदशा तेलाच्या बाजूने बघितली की बऱ्याच गोष्टी लख्ख दिसतात.

आधी तेल. विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांना जवस वेगळं सांगायला नको, चटणीतलं तेच. आपल्यापैकी बहुतेकांचा रंगांशी संबंध एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांपुरता, आणि तिथे जलरंग नाहीतर पोस्टर कलर. त्यातलं पाणी उडून जातं, रंग वाळतो. वरून परत ओला ब्रश फिरवला की पोस्टर कलर परत सुटतो. तेलात असं काहीच उडून जात नाही. जवसाच्या तेलात साधारण निम्मा वाटा लिनोलेनिक आम्लाचा असतो आणि त्याच्या लांब साखळीत तीन दुहेरी बंध असतात. हवेतला ऑक्सिजन या बंधांच्या शेजारी हल्ला करतो, साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात, आणि वाहणाऱ्या तेलाचं हळूहळू एक जाळं विणलं जातं. म्हणून वाळताना या तेलाचं वजन कमी होण्याऐवजी आधी वाढतं, दहा टक्क्यांच्याही वर. इन्फ्रारेड आलेखात ३०१० च्या आसपास एक छोटं शिखर असतं, या दुहेरी बंधांचं. ते रोज थोडं बुटकं होत जातं आणि एक दिवस दिसेनासं होतं. तोवर थर हाताला कोरडा लागायला लागलेला असतो. पण आत काम चालूच राहतं, वर्षानुवर्षं.

यातून चित्रकाराच्या डोक्याला दोन ताप होतात. वरचा थर आधी आवळला आणि खालचा अजून हलत असला तर तडे जातात. म्हणून खाली कमी तेलाचा रंग, वर जास्त तेलाचा, हा जुना नियम. दुसरं म्हणजे प्रत्येक पिगमेंटचा वाळण्याचा वेग वेगळा. शिशाचा पांढरा किंवा मँगनीज असलेला अंबर लवकर वाळतो, हाडांपासून केलेला काळा रेंगाळतो, लाखी लाल तर फारच रेंगाळतात. म्हणजे एकाच कॅनव्हासवर शेजारी शेजारी वेगवेगळी घड्याळं चालू असतात. ओल्यावर ओलं लावत सुटलं तर सगळं मिसळून मातकट होतं. थांबलं तर मन बदलतं, उजेड बदलतो, मॉडेलला शेतावर जायचं असतं. ऑइल शिकणं म्हणजे बरंचसं कधी थांबायचं आणि कधी खरवडून टाकायचं, हे शिकणं.

आता विद्यार्थ्याकडे येऊ.

सुरुवात अगदी घोकंपट्टीची. बेल्जियमच्या कोळसाखाणींच्या भागात असताना त्याने शार्ल बार्गच्या चित्रकला अभ्यासक्रमाचे तक्ते मागवले आणि ते एकामागून एक गिरवले. मिलेच्या शेतकऱ्यांच्या चित्रांच्या नकला केल्या. ब्रसेल्सच्या अकादमीत थोडे दिवस नाव घातलं. मग १८८१ च्या अखेरीस तो द हेगला अँटन मॉव्हकडे गेला. मॉव्ह हा त्याच्या नात्यातल्या बहिणीचा नवरा आणि त्या काळातला मान्यवर चित्रकार. त्याच्या हाताखाली व्हॅन गॉगने पहिल्यांदा तैलरंगात वस्तुचित्रं केली. त्यातलं एक कोबी आणि लाकडी बुटांचं आहे. तपकिरी अंधारातून वस्तू वर येतात, बस. वर्गातलं दुसऱ्या बाकावरचं चित्र. पण मॉव्हने काय निवडलं ते बघा. चेहरा दिला नाही, निसर्गदृश्य दिलं नाही. हलत नाहीत, पैसे मागत नाहीत आणि रंग वाळेपर्यंत थांबतात अशा वस्तू दिल्या. चांगला शिक्षक होता.

काही महिन्यांतच दोघांचं बिनसलं, आणि निमित्त झालं प्लास्टरच्या पुतळ्यांचं. मॉव्ह म्हणाला, पुतळ्यांवरून चित्रं काढ. व्हॅन गॉगने ते पुतळे कोळशाच्या डब्यात भिरकावून फोडले, असं त्याने स्वतःच भावाला, थिओला, कळवलंय. बंडखोर प्रतिभावंताच्या गोष्टीत हा प्रसंग हमखास येतो. पुढचा भाग सहसा येत नाही: चार वर्षांनी अँटवर्पमध्ये आणि नंतर पॅरिसमध्ये तो स्वतःहून प्लास्टरच्या पुतळ्यांसमोर बसून चित्रं काढत होता. पॅरिसमध्ये तर त्याने ते तैलरंगातही रंगवले.

१८८२ च्या ऑगस्टमध्ये थिओने रंगसामानासाठी पैसे दिले आणि खरं ऑइल सुरू झालं. त्या महिन्यातलं शेवेनिंगनच्या समुद्राचं छोटं चित्र मला फार आवडतं. वादळी वाऱ्यात किनाऱ्यावर उभं राहून केलेलं. वाळू उडून ओल्या रंगावर बसत होती, त्याला ते खरवडून पुन्हा करावं लागलं, तरी काही कण रंगात अडकून राहिलेच आणि आजही आहेत. (हे चित्र २००२ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयातून चोरीला गेलं आणि २०१६ मध्ये नेपल्सजवळ सापडलं. एक कोपरा गमावून आलं.) माझ्या कामात थरात धूळ पडली की नमुना फेकून द्यावा लागतो. इथे धूळच पुरावा आहे: हा विद्यार्थी उघड्यावर, ओल्यावर ओलं, एका बैठकीत काम करायला शिकत होता, आणि त्याला अजून ते जमत नव्हतं. लाटांचा रंग जड आहे, आभाळ आणि पाणी एकाच जाडीचं झालंय. पण वारा दिसतो.

त्याच सुमाराला जंगलातली चित्रं आली. जमिनीचा रंग इतका दाट आणि ओला झाला की त्यावर झाडांचे बुंधे रंगवले की ते आत बुडून जात. मग त्याने मुळं आणि बुंधे थेट ट्यूबमधून पिळून काढले आणि ब्रशने थोडा आकार दिला. हे त्याने थिओला सविस्तर लिहिलंय, आणि त्याच पत्रात तो म्हणतो की मी रंगवायला शिकलो नाही याचा एका अर्थाने आनंदच आहे, शिकलो असतो तर अशा गोष्टींकडे काणाडोळा करायलाही शिकलो असतो. 'कुणाकडे शिकला नाही' या दंतकथेला खतपाणी घालणारं वाक्य हेच. पण आसपासच्या ओळी वाचल्या तर तिथे एक माणूस प्रयोगाची नोंद लिहितोय: अडचण काय आली, उपाय काय केला, काय झालं. ट्यूब पिळणं हा भावनेचा उद्रेक नव्हता. ओल्या थरावर ओला थर टिकत नाही, या रसायनावर काढलेला तो तोडगा होता. पुढे सूर्यफुलांत आणि सरूच्या झाडांत जो जाड रंग आपण त्याच्या स्वभावाच्या खात्यावर टाकतो, त्याची पहिली नोंद ही अशी आहे.

त्या हिवाळ्यात रंग परवडेनात म्हणून तो परत पेन्सिलीकडे वळला. हे वाक्य मी मुद्दाम छोटं ठेवते. विद्यार्थ्याच्या प्रगतीचे आलेख असेच असतात, मध्ये मध्ये सपाट.

१८८३ च्या डिसेंबरात तो नूनेनला आईवडिलांच्या घरी आला आणि जवळपास दोन वर्षं राहिला. आधी विणकर, मग शेतकरी. १८८४-८५ च्या हिवाळ्यात त्याने शेतकऱ्यांची डोकी रंगवायला घेतली, चाळीसच्या आसपास. पांढरी टोपी घातलेल्या बायका, टोपीवाले पुरुष, गडद पार्श्वभूमी, एका बैठकीत एक डोकं. ही मालिका म्हणून बघा, सुटी सुटी नको. पहिल्या काही डोक्यांत चेहरा टोपीला चिकटवल्यासारखा आहे. पुढे कवटी जाणवायला लागते. पांढरी टोपी पांढऱ्या रंगाने रंगवायची नसते, करड्याने रंगवायची असते आणि शेजारच्या काळोखामुळे ती पांढरी दिसते, हे त्याला इथे कळतं. हे त्याने पुस्तकातही वाचलेलं होतं: शार्ल ब्लांच्या लेखनातून देलाक्रुआचे रंगविचार, आणि त्यामागे शेवरलचा १८३९ चा ग्रंथ. मिशेल शेवरल हा माझ्या क्षेत्राचा आजोबाच म्हणायला हवा. चरबी आणि तेलं कुठल्या आम्लांची बनलेली असतात हे त्याने उलगडलं, आणि मग पॅरिसच्या एका गालिचा-कारखान्यात रंगाई बघताना, शेजारच्या रंगामुळे रंग वेगळा दिसतो याचे नियम मांडले. तेलचित्राचं तेल आणि रंग, दोन्हींच्या मुळाशी एकच केमिस्ट, याची आठवण कलासमीक्षक फार कमी वेळा काढतात. असो.

एप्रिल-मे १८८५ मध्ये 'बटाटे खाणारे' झालं. ८२ गुणिले ११४ सेंटिमीटर. टांगलेल्या दिव्याखाली टेबलाभोवती पाच माणसं, एक कॉफी ओततेय, एक मुलगी आपल्याकडे पाठ करून. व्हॅन गॉगने हे चित्र स्वतःची परीक्षा म्हणून रंगवलं: आधी डोकी, मग रेखाटनं, मग लहान आवृत्ती, मग मोठं. आपल्या भाषेत प्रबंध. आणि त्याच्या हातून तो सादर झाल्या झाल्या परीक्षकांनी धुतला.

सगळ्यात कडक परीक्षक होता मित्र अँथन फान रॅपार्ड. व्हॅन गॉगने त्याला चित्राचं लिथोग्राफ पाठवलं होतं. उलट टपाली रॅपार्डने विचारलं की त्या पुरुषाचा हात इतका आखूड का, त्याचं गुडघा-पोट-फुप्फुस गेलं कुठे, त्या बाईचं नाक असं काय, मागच्या बाईचा तो नखरेल हात खोटा नाही का. आणि असं काम करून मिलेचं नाव घेतोस? व्हॅन गॉगने ते पत्र त्यालाच परत पाठवून दिलं. मैत्री त्यातून सावरली नाही.

समीक्षक सहसा इथे रॅपार्डला खलनायक करतात. मला तो बरोबर वाटतो. हात खरंच आखूड आहे. शिवाय एक गोष्ट त्याने सांगितली नाही ती मी सांगते: ही पाच माणसं एका खोलीत बसलेली नाहीत. प्रत्येक डोकं त्या हिवाळ्यातल्या एकेका बैठकीतून आलंय आणि तिथलीच नजर घेऊन आलंय. कुणीच कुणाच्या नजरेला नजर देत नाही. यावर 'गरिबीतला एकाकीपणा' वगैरे लिहिलं जातं. मला त्यात आधी दिसतं ते असं: या विद्यार्थ्याने एकटं डोकं रंगवायचा सराव केला होता, माणसं एकत्र बसवायचा केला नव्हता. त्याचा परिणाम एकाकीपणासारखा होतो हे खरं, आणि तो परिणाम चित्राला लाभलाय हेही खरं. पण हेतू आणि उणीव यांत फरक करायला नको का?

मात्र रॅपार्डच्या हातात होतं ते लिथोग्राफ, आणि तेही आधीच्या आवृत्तीवरून, आठवणीने थेट दगडावर काढलेलं. छापताना ते उलटं झालं, आणि अर्थातच त्यात रंग नव्हता. म्हणजे ज्या गोष्टीत हा विद्यार्थी पास झाला होता तीच उत्तरपत्रिकेतून गळलेली. कारण हे चित्र रेखाटनात पडतं, आणि रंगात उभं राहतं. व्हॅन गॉगने चेहरे आधी नेहमीच्या मांसल रंगात, गेरू-लाल-पांढऱ्यात रंगवले. ते फार उजळ वाटले. मग त्यावर निर्दयपणे नवा रंग चढवला, न सोललेल्या, धुळकट बटाट्याचा. टोप्यांचा आणि कपड्यांचा पांढरा हाही पांढरा नाहीच, लाल-निळा-पिवळा मिसळून केलेला करडा आहे. चित्रात काळोख आहे, पण नुसत्या काळ्या रंगाचा काळोख नाही. हिरवट, निळसर, तांबूस असे कितीतरी काळोख आहेत. पाठमोऱ्या मुलीभोवती बटाट्यांची वाफ आहे, आणि त्या वाफेमुळे तिची कड सुटून येते. नुसत्या बाह्यरेषेने हे झालं नसतं.

आता यातलं तेल बघा. उजळ थर पुरता वाळायच्या आत वर गडद थर. खालचा थर वरच्यातलं तेल शोषतो, आणि चित्रावर कुठे चकचकीत, कुठे भकास असे चट्टे उठतात. आपण म्हणतो रंग बसला. गडद चित्रात हे जास्त जाणवतं, कारण भकास झालेला काळोख सपाट करडा दिसतो. व्हॅन गॉगला हे कळलेलं होतं. त्याने चित्र आइंडहोवेनच्या मित्राकडे नेलं आणि काही दिवस थांबून त्यावर अंड्याच्या पांढऱ्याचा हात फिरवून शेवटचे तपशील पुरे करायचं ठरवलं. वरून थिओला सूचना: सोनेरी चौकटीत लाव, नाहीतर पिकल्या गव्हाच्या रंगाच्या भिंतीवर, गडद भिंतीवर नको. यात मला शेवरलचा विद्यार्थी दिसतो. चित्राच्या कडेबाहेरचा रंगही चित्राचा भाग आहे, हे तो शिकलाय.

रॅपार्डला आणि थिओला त्याने पुढे जी उत्तरं दिली त्यांचा सारांश असा की मला बिनचूक आकृत्या नकोतच, जिवंत हव्यात, चूक वाटणारीच पण जास्त खरी असलेली रेषा मला हवी. हे उत्तर फार गाजलं. अर्धं ते विचार म्हणून खरं आहे. उरलेलं अर्धं सबब आहे, आणि याला साक्षीदार तो स्वतःच: आठ महिन्यांत तो आकृती नीट काढायला शिकण्यासाठी अकादमीत दाखल झाला. यात मला विसंगती दिसत नाही. टीकाकारासमोर माघार घ्यायची नाही आणि घरी जाऊन गुपचूप दुरुस्तीला लागायचं, हे प्रगती अहवाल दिलेल्या कुठल्याही विद्यार्थ्याला ओळखीचं वाटेल.

अकादमीच्या आधी ऑक्टोबर १८८५ मध्ये तो ॲम्स्टरडॅमला गेला. राइक्सम्युझियमची नवी इमारत त्याच वर्षी उघडली होती. तिथून परतल्यावर त्याने फ्रान्स हाल्सबद्दल लिहिलं की या माणसाकडे सत्तावीस काळे आहेत. चाळीस डोकी केल्याशिवाय कुणाला असे काळे मोजता येत नाहीत. लगेच त्याने वडिलांच्या बायबलचं वस्तुचित्र एका दमात, एका दिवसात केलं. कोबी आणि बुटांशेजारी हे ठेवून बघा. मधे चार वर्षं गेलीत. वस्तू पुन्हा स्थिर, पार्श्वभूमी पुन्हा काळी, पण आता पुस्तकाची पानं चार-दोन फटकाऱ्यांत उलगडतात, आणि समोरच्या पिवळ्या कादंबरीने सगळा काळोख ढवळून निघतो. वडील मार्चमध्येच वारले होते.

अँटवर्पच्या अकादमीत तो जानेवारी १८८६ मध्ये गेला. रेखाटनाचे शिक्षक सीबर्ट यांच्याशी जमलं नाही. फेब्रुवारीअखेर तो पॅरिसला निघून गेला, आणि मार्चअखेर परीक्षकांनी निकाल लावला: या विद्यार्थ्याला प्राथमिक रेखाटनाच्या वर्गात बसवावं. हा निकाल सांगून हसायची पद्धत आहे. मला हसू येत नाही, कारण निकाल लावणाऱ्यांसमोर प्लास्टरवरची रेखाटनं होती, आणि रेखाटन ही त्याची तेव्हाही कच्ची बाजू होती. अकादमीने त्याचा काळोख तपासलाच नाही. तो अभ्यासक्रमात नव्हता.

तिथल्या चित्रवर्गातलं एक काम मात्र अनपेक्षितपणे परत भेटलं. क्रोलर-म्युलर संग्रहालयात फुलांचं एक मोठं वस्तुचित्र होतं, ज्याच्या व्हॅन गॉगपणाबद्दल शंका घेतली जात होती. क्ष-किरणांखाली त्याच्या आत दोन अर्धनग्न कुस्तीगीर दिसले. मॉडेलना असं उभं करणं ही अँटवर्पच्या अकादमीची पद्धत, आणि असं चित्र केल्याचं त्याने पत्रात लिहिलेलं. २०१२ मध्ये ते चित्र त्याचंच ठरलं. वर्गातला अभ्यास, त्यावर पॅरिसमधला अभ्यास, एकाच कॅनव्हासवर. दुसरं उदाहरण तर माझ्या शाखेत शिकवलं जातं: १८८७ च्या 'गवताचा तुकडा' या चित्राखाली नूनेनच्या काळातलं एका बाईचं डोकं आहे. २००८ मध्ये योरिस डिक, कून यान्सेन्स आणि सहकाऱ्यांनी हॅम्बुर्गच्या सिंक्रोट्रॉनवर चित्राचा तो भाग टिंबाटिंबाने तपासून पारा आणि अँटिमनी कुठे कुठे आहे त्याचे नकाशे काढले. पारा म्हणजे हिंगुळाचा लाल, अँटिमनी म्हणजे नेपल्स पिवळा. त्या दोन नकाशांतून ओठ, गाल, कपाळ उमटलं. कॅनव्हास महाग म्हणून विद्यार्थी जुन्या वहीवरच लिहितो, तसं आहे हे.

पॅरिसमध्ये तो काही महिने कॉर्मॉनच्या स्टुडिओत बसला, आणि मॉडेलचे पैसे नव्हते म्हणून १८८६ च्या उन्हाळ्यात फुलंच फुलं रंगवली. स्पष्ट सांगायचं तर चित्रं म्हणून यातली बरीचशी सामान्य आहेत. फुलदाणी मध्यभागी, रंग खूप, हवा कमी. पण त्यांच्याकडे प्रयोगवहीसारखं बघा: लालसमोर हिरवा, निळ्यासमोर नारिंगी, पिवळ्यासमोर जांभळा, जोड्या पालटून पालटून. याच काळाशी जोडलेली लाखेची एक लाल पेटी ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयात आहे, आत रंगीत लोकरीचे गुंडे, दोन-तीन रंगांचे धागे एकत्र गुंडाळलेले. रंगांच्या जोड्या कॅनव्हास न नासवता तपासायचं साधन. आणि त्याच ऑगस्टमध्ये, त्याच शहरात, शेवरलची शंभरी साजरी होत होती. पुढच्या वर्षी त्याने रंग टर्पेंटाइनने पातळ करून, जवळजवळ जलरंगासारखे वापरून बघितले. पातळ रंगातून तो परत जाडीकडे गेला. आता त्याला दोन्ही येत होतं. भिंतीवर प्रकाश पाडणाऱ्या प्रदर्शनांबद्दल माझी तक्रार एवढीच, की तिथे हे सगळं एकाच जाडीचं होतं.

एक आरोप मात्र माझ्या क्षेत्रातून येतो आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. व्हॅन गॉगचे रंग बदललेत. त्याचा जेरानियम लेक हा लाल इओसिनपासून बनायचा, पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये स्लाइड रंगवायला वापरतात तेच. उजेडात तो उडतो, आणि मागे ब्रोमीन उरतं, जे क्ष-किरणांनी सापडतं. क्रोम पिवळा म्हणजे शिशाचं क्रोमेट. त्यातल्या फिक्या, सल्फेटवाल्या जातींमध्ये उजेडाने क्रोमियम सहावरून तीनवर उतरतो आणि पिवळ्यावर तपकिरी छटा चढते, हे २०११ पासूनच्या संशोधनात लेटिझिया मोनिको आणि सहकाऱ्यांनी दाखवलंय. यावरून 'शिक्षण नव्हतं ना, म्हणून असे रंग वापरले' असा निष्कर्ष ऐकू येतो. पण १८८८ च्या वसंतात तो थिओला लिहितो, की इंप्रेशनिस्टांनी लोकप्रिय केलेले सगळे रंग अस्थिर आहेत, म्हणूनच ते बेधडक, जास्तच कच्चे वापरावेत, काळ त्यांना मऊ करेल. त्याला माहीत होतं. त्याचा अंदाज चुकला तो वेगाबद्दल, आणि तो वेग आम्हाला सिंक्रोट्रॉन आल्यावर जेमतेम मोजता यायला लागलाय.

याचा समीक्षेशी थेट संबंध आहे. 'शयनगृह' या १८८८ च्या चित्रातल्या भिंती त्याने फिक्या जांभळ्या रंगवल्या होत्या, तसं पत्रात लिहिलंय. आज त्या निळ्या आहेत, कारण जांभळ्यातला लाल उडाला. जांभळ्या भिंती आणि पिवळा पलंग ही त्याने पॅरिसमध्ये घोटलेली जोडी. आपण बघतो निळा आणि पिवळा, आणि त्यावरून त्याच्या मनःस्थितीबद्दल पानं भरतो. जी जोडी त्याने लावलीच नाही तिचं विश्लेषण.

'बटाटे खाणारे'चं तसं नाही. तिथे मुळातच काळोख आहे. १८८७ मध्ये, पॅरिसमध्ये उजळ रंगांत बुडालेला असताना, त्याने बहिणीला लिहिलं की आजवरच्या कामात तेच सगळ्यात चांगलं. व्हॅन गॉग म्युझियमच्या साइटवर ते खूप मोठं करून बघता येतं, आणि तुम्ही बघावं म्हणूनच हे सगळं लिहिलं. नाकं आणि डावीकडचा आखूड हात सोडून द्या, तिथे रॅपार्ड बरोबर होता. टेबलावर जा, ताटलीत काटा खुपसणाऱ्या बोटांकडे, मग कॉफी ओतणाऱ्या हाताकडे. पांढऱ्या टोपीत पांढरा कुठे आहे ते शोधा. फोनचा ब्राइटनेस वाढवायचा मोह होईल. वाढवू नका.